संसार सोडून योग कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावे असा कार्यकारिणीने आग्रह धरला. मी काही व्याख्याती नव्हे. सकाळी मंडळाच्या जागेत सतरंज्या घालून आठ-दहा जणींकडून आसने करून घेते, एवढाच माझा अधिकार. पण त्या वर्गात एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. "बाई, आम्ही पडलो संसारी माणसे. खरा योग आम्हांला कुठला साधायला?" आज त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गुहा आणि भगवी वस्त्रे उभी राहतात. देह ही बेडी, संसार हा चिखल, आणि त्यातून लवकर सुटावे हे बरे, अशी आपली समजूत. पण आज घरोघर जी आसने चालतात, ती जगभर नेणाऱ्या एका गुरुशिष्यांच्या जोडीने नेमके याच्या उलट केले.

गुरू म्हणजे म्हैसूरकडचे तिरुमलै कृष्णम्माचार्य. जन्म १८८८ चा. तरुणपणी आपण मानससरोवराच्या परिसरात राममोहन ब्रह्मचारी या गुरूंपाशी साडेसात वर्षे राहिलो, असे ते सांगत. निघताना त्यांनी गुरुदक्षिणा विचारली, तेव्हा गुरूंची आज्ञा झाली ती अशी : घरी जा, लग्न कर, मुलेबाळे वाढव आणि लोकांना योग शिकव. इतकी वर्षे हिमालयात काढलेल्या शिष्याला गुरूने पाठविले कोठे, तर परत घरी! कृष्णम्माचार्यांनी ती आज्ञा पाळली. योगावर पोट भरेना, तेव्हा कॉफीच्या मळ्यावर नोकरी केली. पुढे म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय मिळाला. १९८९ साली ते गेले, ते गृहस्थ म्हणूनच.

शिष्य म्हणजे त्यांचे मेहुणे, आपल्या पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेले, लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेले मूल. असा देह टाकून देण्याजोगाच वाटावा. त्यांनी तोच देह हाताशी धरला. १९३७ साली ते शिकवायला पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. १९४३ साली रमामणीबाईंशी विवाह झाला. बाईंना योग ठाऊक नव्हता. त्या पतीपाशी शिकल्या आणि पुढे पतीच्याच आसनांतल्या चुका दाखवू लागल्या. सहा मुलांचे घर त्यांनी चालविले. १९७३ साली त्या गेल्या. १९७५ साली पुण्यात योगसंस्था उघडली, तिला अय्यंगारांनी पत्नीचेच नाव दिले. ज्याला संसार अडचण वाटतो, तो असे करील काय?

त्यांच्या शिकवणुकीतही हेच दिसते. ज्याला वाकता येत नाही त्याला त्यांनी वीट दिली, दोरी दिली, खुर्ची दिली. देह आधी चांगला करून आण, मग ये, असे म्हटले नाही. आहे त्या देहापासून आरंभ केला.

हे सारे मी वाचले होते, पण मला कळले ते फार उशिरा. आमच्या घरी पक्षाघाताचा आजार झाला. यजमानांची उजवी बाजू गेली. दिवसभर त्यांचे करून मी थकून जाई, आणि पहाटेचा एक तास मात्र खोलीला आतून कडी लावून बसत असे. तो तास माझा, अशी माझी समजूत. एके दिवशी बाहेर काही पडल्याचा आवाज झाला. मी उठले नाही. प्राणायामाची आवर्तने पुरी केली. बाहेर येऊन पाहते तो तांब्या कलंडलेला, आणि पाणी घ्यायला स्वतःच उठू गेलेले हे, ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी मला हाक मारली नव्हती. "तुझे चालले होते ना," एवढेच ते म्हणाले.

भगिनींनो, त्या दिवशी माझा श्वास अगदी संथ होता. पण त्या श्वासाचा उपयोग काय होता?

दुसऱ्या दिवसापासून कडी काढली. त्यांची खुर्ची माझ्या सतरंजीशेजारी आली. डाव्या हाताने उजवा हात उचलायचा, श्वास सोडत खाली आणायचा, एवढाच त्यांचा योग. त्याने ते बरे झाले असे मी म्हणणार नाही. पुढे दोन वर्षांनी ते गेले. पण ती दोन वर्षे आम्ही एका खोलीत काढली.

अष्टांगयोगाची पहिली पायरी यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. गुहेत एकट्या बसलेल्याने खोटे बोलावे तरी कोणाशी? या व्रतांची कसोटी लागते ती सासू-सून, शेजारीण आणि आजारी माणूस यांच्यापाशीच.

मात्र याचा अर्थ बाईने मुकाट्याने सोसत राहावे असा कोणी करू नये. अहिंसेत स्वतःचा देहही येतो. अय्यंगारांच्या कन्या गीताबाई यांनी स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले, त्यात मासिक पाळी, गरोदरपण यांत काय करावे, काय टाळावे हे सांगितले आहे. दुखणाऱ्या कमरेने चार घागरी उचलणे हा योग नव्हे. त्यातल्या दोन मुलाला उचलायला सांगणे, हा योग आहे.

तेव्हा सकाळच्या वर्गाला या. आणि सतरंजी गुंडाळून घरी गेल्यावर पहिला शब्द कोणाशी, कसा बोलता, तेवढे पाहा. आसन साधले की नाही, ते मला विचारू नका, घरच्यांना विचारा.