हात वर होण्यापूर्वी

(नवनिर्वाचित ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ग्रामसभेच्या कार्यवृत्तात एक वाक्य आपणांस वारंवार आढळेल : "ठराव सर्वानुमते मंजूर." विस्तार अधिकारी म्हणून पंचायतींच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध आला, परंतु या वाक्याने मला जितके फसविले तितके अन्य कशानेही फसविले नाही.

एका गावी सार्वजनिक विहिरीच्या जागेचा प्रश्न होता. सभा भरली, जागा सुचविली गेली, हात वर झाले. विरोध कोणीही केला नाही. काम पाच मिनिटांत उरकल्याचा मलाही आनंद झाला. विहिरीला पाणीही उत्तम लागले. तथापि पुढच्या उन्हाळ्यात वाडीवरच्या स्त्रिया पूर्वीप्रमाणेच ओढ्यातल्या झऱ्यावर हंडे भरताना दिसल्या. चौकशी केली तेव्हा एक वृद्ध बाई म्हणाल्या, "सायेब, ज्याच्या बांधावरनं हिरीकडं जायाचं, त्यो वाट देत न्हाई. समद्यांस्नी ठावं हुतं." मग सभेत कोणी बोलले का नाही? "सभंत त्योच म्होरं बसला हुता."

ती शांतता म्हणजे संमती नव्हती. ज्याच्या शेतावर उद्या कामाला जायचे, त्याच्याविरुद्ध आज हात वर करणे सोपे नसते. सासऱ्यांसमोर सून बोलत नाही. ज्यांना कसलीच भीती नाही तेही, दुसरा कोणी बोलेल, म्हणून गप्प राहतात. आणि समुदाय जितका मोठा, तितका हा 'दुसरा कोणी' हाती लागणे कठीण. सभा मोठी झाली की बोलणारे वाढतात, असे आपण समजतो. माझा अनुभव उलट आहे. ऐकणारे वाढतात, बोलणारे तेच चार-पाच राहतात.

कायद्याने गणपूर्ती ठरवून दिली आहे : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तीन हजार मतदारांच्या गावात १०० जण जमले की सभा वैध ठरते. ही तरतूद व्यवहार्य आहे, याबद्दल वाद नाही. परंतु उरलेल्या २,९०० जणांचे मत कोठे आणि केव्हा विचारले गेले, हे गणपूर्ती सांगत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद याच उणिवेवरचा उपाय आहे. मात्र ती मुख्य सभेच्या तासभर आधी, त्याच मंडपात आणि त्याच पुढाऱ्यांच्या देखत उरकली, तर तिचा उपयोग तो काय?

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तेथील अभ्यासगटाची प्रथा. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तेथे केवळ माहिती गोळा होते, शंका विचारल्या जातात, बाहेरच्या जाणकारांशी चर्चा होते. निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचाच. त्यामुळे सभेत येणारा मनुष्य विषय प्रथमच ऐकत नसतो. वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावरील सामूहिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला; २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एवढा व्यवहार पेलण्याची सवय गावाला आधीच लागलेली होती.

आपण विचाराल, एखादा हटवादी मनुष्य सगळ्या गावाला वेठीस धरणार नाही का? धरील. शिवाय मेंढ्यासारख्या, नात्यागोत्याने बांधलेल्या गावाची पद्धत अनेक जातींच्या पाच हजार वस्तीला जशीच्या तशी लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. मार्चअखेर निधी परत जाण्याचा धाकही खोटा नाही. म्हणून मी एवढेच सांगेन की, दिव्याच्या खांबांची जागा मतदानाने ठरवा. परंतु जमीन, पाणी किंवा वाट यांत ज्याचे कायमचे नुकसान होणार आहे, त्याचे म्हणणे सभेपूर्वी, त्याच्या अंगणात जाऊन ऐका. अनुसूचित क्षेत्रात वाडी-पाड्यांना स्वतंत्र ग्रामसभेचा मार्ग १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी मोकळा केला आहे. अन्यत्र वाडीनिहाय बैठका घेण्यास आपणांस कोणीही अडविलेले नाही.

त्या विहिरीचे पुढे काय झाले, ते सांगतो. दुसऱ्या वर्षी स्त्रियांची बैठक वाडीवरच, संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर घेतली. वाटेचा विषय तेथे पहिल्यांदा उघड बोलला गेला. मग दोन वयस्कर गावकरी बांधाच्या मालकाकडे गेले. गुरे पिकात शिरतील, ही त्याची खरी अडचण निघाली. ती आम्हांपैकी कोणी विचारलीच नव्हती. काटेरी कुंपण घालून देण्याचे ठरले, आणि वाट मिळाली. या सगळ्याला तीन महिने लागले. कुंपणाचा खर्च ग्रामपंचायतीने करावा की नाही यावर सभेत बरीच वादावादी झाली, आणि त्या ठरावाच्या कार्यवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द नाही. चौघांचा विरोध नावानिशी नोंदलेला आहे.