दप्तराचे स्थलांतर

संकेतस्थळे उभारण्याचे ‘ड्रुपल’ नावाचे जे मुक्त साधन बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट यांनी २००१ साली सर्वांना खुले केले, त्याचा मूळ पसारा बेताचाच आहे. त्याला खरे सामर्थ्य येते ते जगभरच्या स्वयंसेवकांनी रचलेल्या हजारो पूरक मॉड्यूलांमुळे. या मॉड्यूलांची सूची ड्रुपलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते, आणि ते स्थळ, अर्थातच, ड्रुपलवरच चालते. आता गंमत अशी की, ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाली. परंतु हे घरचे दप्तर सहाव्या आवृत्तीवरून सातव्या आवृत्तीवर रुजू व्हावयास ३१ ऑक्टोबर २०१३ उजाडला.

पावणेतीन वर्षांहून अधिक काळाचा हा विलंब ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. मला मात्र तो बव्हंशी क्षम्य वाटतो.

सूची म्हणजे केवळ नावे आणि वर्णने असती, तर तिचे स्थलांतर ही किरकोळ बाब ठरली असती. येथे मात्र प्रत्येक मॉड्यूलच्या पाठीशी त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या, त्यांतील दोषांविषयीच्या तक्रारी आणि त्या तक्रारींवर कोणी, केव्हा, काय निर्णय दिला याचा वर्षानुवर्षांचा वृत्तान्त उभा होता. जुन्या व्यवस्थेत तक्रारीची स्थिती बदलावयाची, तर खाली अभिप्राय लिहूनच ती बदलावी लागे आणि बदलाचा दाखला त्या अभिप्रायाशीच बांधलेला राही. नव्या व्यवस्थेत मूळ नोंदच थेट दुरुस्त करण्याची सोय झाली, व आधीचे आणि नंतरचे रूप ताडून पाहून बदलाचा अभिप्राय आपोआप उमटू लागला. सातबाऱ्याचा उतारा आणि फेरफाराची नोंदवही यांचा मेळ ज्यांनी कधी घालून पाहिला आहे, त्यांना यातील जिकीर निराळी सांगावयास नको. कारण कागद हलविणे सोपे असते, कागदाकागदांतील नाते हलविणे अवघड.

शिवाय ही सूची नुसती वाचली जात नाही. ड्रुपलवर चालणारी असंख्य स्थळे अधूनमधून तिच्याकडे परस्पर पृच्छा करतात, की अमुक मॉड्यूलची नवी आवृत्ती निघाली आहे काय. आणि ही पृच्छा मॉड्यूलच्या ठरावीक संक्षिप्त नावाने होत असल्यामुळे, स्थलांतराच्या गडबडीत त्या नावातील एक अक्षर जरी बदलले, तरी सुरक्षेच्या दुरुस्तीची वार्ता त्या स्थळांपर्यंत पोहोचणार नाही. भरीस भर, त्याच २०११ च्या फेब्रुवारीत मॉड्यूलांच्या मूळ संहिता सीव्हीएस या जुन्या भांडारातून गिट या दुसऱ्या भांडारात नेण्यात आल्या. तेही काम लहान नव्हते.

तरीही दोष द्यावयाचाच असेल, तर तो संथपणाला नव्हे, क्रमाला द्यावा लागेल. सूचीचा सारा कारभार ज्या ‘प्रोजेक्ट’ मॉड्यूलवर चालत असे, ते सातव्या आवृत्तीच्या बरोबरीनेच नव्याने घडवून तयार ठेवावयास हवे होते.