आधी ओळख स्वतःची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपला वर्धापनदिन, आणि उद्या नवी कार्यकारिणी निवडायची आहे. दर वर्षी या सुमारास दोन बोलणी कानांवर येतात. एकजण म्हणते, "मला मेलीला काय कळतंय? मला नको ते पद." दुसरी म्हणते, "माझ्यावाचून हे जमणार कोणाला?"

मी चिटणीस होते तेव्हा या दुसरीतलीच होते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, जमाखर्च माझ्याच हातचा. पुढे घरच्या आजारपणामुळे तीन महिने मला येता आले नाही, तेव्हा वर्गणीची वहीदेखील कोणाला सापडेना. दोष मैत्रिणींचा नव्हता. मी कोणाला काही शिकवलेच नव्हते. त्या दिवशी कळले की, काम करणे आणि काम चालते ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे ज्यांना पुरते उमगले होते, अशा एक थोर बाई आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, १७२५ साली जन्मल्या. २०२४ साली जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्याबाई होळकर. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि कारभारात घातले. स्वतः मोहिमेवर असता ते पत्रांतून तिला कामे सांगत. १७६६ साली सासरे गेले, १७६७ साली मुलगा मालेराव गेला. एवढे आघात सोसूनही त्या उभ्या राहिल्या, याचे कारण तोवर हात कामाला सरावले होते.

सत्ता हाती आल्यावर त्यांनी फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि मुलकी कारभार महेश्वरी बसून स्वतः पाहिला. कोणते काम आपले आणि कोणते दुसऱ्याला द्यावे, हे त्यांनी ओळखले होते. दानधर्म केला तो खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा पैसा निराळा ठेवला. असा कारभार १७९५ सालापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे चालला. आपल्या मंडळाची पेटी लहान असली तरी हा धडा तिलाही लागू आहे.

आता पहिल्या भगिनीकडे वळू, जी म्हणते, मला काय कळतंय. तिने जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याला पाहावे. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण कोणता वाल कोणत्या जमिनीत येतो, बी कसे राखेत घालून जपावे, हे त्यांना घरातून आणि शेतातून ठाऊक होते. पुष्कळ बायका असल्या माहितीला ज्ञान समजतच नाहीत, राहीबाईंनी समजले. गावरान बियाणे गोळा केले, बायफ संस्थेची साथ मिळाली, आणि इतर बायकांना बरोबर घेऊन बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी डब्यात कोंडून ठेवले असते तर ते कुजले असते. दुसरीच्या शेतात गेले म्हणून वाढले.

भगिनींनो, एकीने आपली मर्यादा ओळखली, दुसरीने आपले मोल ओळखले. दोन्ही मिळून स्वतःची ओळख पुरी होते, आणि ती ओळख असली म्हणजे पुढारीपण मागून चालत येते. ती पुस्तकात सापडत नाही. दुःखातून, चुकांतून आणि रोजच्या कामातून मिळते.

म्हणून उद्या नाव सुचवण्यापूर्वी प्रत्येकीने मनाशी विचारावे : मला काय येते? मला काय येत नाही? आणि मला जे येते ते मी कोणाला शिकवले? तिसऱ्या प्रश्नाला मी फार उशिरा उत्तर दिले. माझी किल्ली आता दोघी तरुण सभासदांकडे आहे, आणि वही जागच्या जागी सापडते!