एका वेळी एकच गोष्ट बदला



अभियांत्रिकीत करिअर कसं करावं यावर मुलांशी बोला, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. त्यावर बोलायची माझी तयारी आहे. पण मघाशी पंचकुइयाँ रोडवर रिक्षातून उतरले आणि पहाडगंजच्या बाजूने चालत शाळेकडे आले, तेव्हापासून डोक्यात दुसरंच चाललंय. दिल्लीच्या या नूतन मराठी शाळेतून मी बाहेर पडले त्याला चाळीसेक वर्षं झाली. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधून बसने यायचो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. घरात मराठी, गल्लीत पंजाबी, ऑफिसात इंग्रजी अशा घरांतली आम्ही मुलं. दिवसाचे सहा तास आपल्या भाषेत हसायला, भांडायला, मार खायलाही मिळायचं ते इथेच.

आणि इथून कॅनॉट प्लेस पायी जाता यायचं! स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासून दिल्लीत भरते. तेव्हा ती बाराखंबा रोडच्या कोपऱ्यावरच्या स्टेट्समन हाऊसपासून निघायची. हिवाळ्यातला रविवार, धुकं नुकतंच उठलेलं, आणि पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या एकामागून एक सुटायच्या. एखादी सुटताना बंद पडली की मालक कोट काढून बॉनेटमध्ये डोकं घालायचा. बाकीची मुलं पुढची गाडी बघायला पळायची. मी बंद पडलेल्या गाडीपाशी थांबायचे. ती पुन्हा सुरू होईपर्यंत बाबाही थांबायचे, घाई करायचे नाहीत.

आमच्या वेळी कार्यानुभवाचा तास असायचा. तो घेणारे सर आता नाहीत. त्यांच्या टेबलावर कायम काहीतरी उघडलेलं असायचं: सायकलचा हब, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ. त्यांचा नियम असा, की जे काढाल ते काढलेल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचं आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने आकडा घालायचा. यंत्र सुरू झालं की आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि सर विचारायचे, "काय बदललंस?" उत्तर 'दोन गोष्टी बदलल्या' असं आलं, की त्यातली एक पुन्हा जुन्यासारखी करायला लावायचे. यंत्र चालतंय, वर्ग खूश आहे, तास संपत आलाय, तरी लावायचे. नेमकं कशाने चाललं हे कळल्याशिवाय काम संपलं असं ते मानत नसत. मी पुढे मोटार उद्योगात तीस वर्षांहून जास्त नोकरी केली, मोठमोठ्या चाचणी प्रयोगशाळा पाहिल्या. त्या सगळीकडे मी हेच करत होते, आणि ते मी या इमारतीत शिकले.

आता माझ्या जुन्या गाडीबद्दल. फोनवर विषय करिअरचा होता, पण तिच्यासाठीच मला बोलावलंय असं निमंत्रणावरून दिसतं.

ती १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. ज्यांचं आजोळ दादर-गिरगावात आहे त्या मुलांनी ती पाहिली असेल.

आमची गाडी बाबांनी बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस होते. बाबांचे डोळे कमजोर झाले आणि गाडी नोएडाच्या घरी पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसली. त्यांच्यानंतर ती भंगारात द्यावी असा सल्ला खूप जणांनी दिला. आईने एवढंच विचारलं, "दुरुस्त होईल का ग?" मी हो म्हणाले आणि कामाला लागले.

इंजिन जाम झालं होतं. प्लग काढले, चारही सिलिंडरांत तेल-डिझेलचं मिश्रण ओतलं, काही दिवस मुरू दिलं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागून हलकेच ढकलायची, पुन्हा मागे ओढायची. जोर अजिबात लावायचा नाही, कारण अडकलेली रिंग मोडली की सिलिंडरला ओरखडा पडतो आणि बोअरचं काम निघतं. एके दिवशी पंखा बोटभर फिरला. ब्रेकचं, वायरिंगचं, पाट्यांच्या बुशांचं सगळं सांगत बसले तर तुमचा बक्षीस समारंभ राहील, म्हणून एकच बिघाड नीट सांगते.

गाडी थंड असताना उत्तम चालायची. फाटकाच्या आत उभी करून इंजिन चालू ठेवलं, की गरम झाल्यावर मिसिंग सुरू व्हायचं, दोन-चार आचके, आणि बंद. तासाभराने पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. बघायला शेजारी जमले. कोणी म्हणालं वेपर लॉक, म्हणजे गरमीने नळीतच पेट्रोलची वाफ होते. कोणी म्हणालं कार्ब्युरेटरचा जेट. एका मिस्त्रींनी मनापासून सल्ला दिला: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पंप, सगळं नवं टाका, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. झालीही असती चालू. पण काय बिघडलं होतं ते मला कधीच कळलं नसतं, आणि त्या पाच नव्या भागांतला एक जरी निकृष्ट निघाला असता तर नवा बिघाड जुन्याच्या अंगावर येऊन बसला असता.

म्हणून गाडी बंद पडू दिली आणि ती गरम असतानाच पाहिलं. कार्ब्युरेटरची नळी सोडून बाटलीत धरली, इंजिन फिरवलं: पेट्रोल जोरात येत होतं. म्हणजे पंप आणि टाकी सुटली. मग पेट्रोल दूर नेऊन, सांडलेलं पुसून, वायरला जादा प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवला. निळी, कडकडीत ठिणगी हवी होती. आली ती पिवळट, मरगळलेली. गार झाल्यावर तीच ठिणगी निळी. तेव्हा दोष विजेच्या बाजूला, आणि तापल्यावरच उघड होणारा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉइंटची टोकं काळवंडलेली.

मागच्या रांगेतल्यांनो, इथे नीट ऐका, विज्ञानाच्या पेपरात उपयोगी पडेल. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. प्रवाह जितक्या झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. पॉइंटच्या फटीत वीज उडी मारू नये म्हणून बाजूला कंडेन्सर असतो. करंगळीच्या टोकाएवढी पत्र्याची डबी, एक वायर, एक स्क्रू. तो तापून निकामी झाला की वीज पॉइंटवरच जळत बसते आणि प्लगपर्यंत जोर पोहोचत नाही. दोष कंडेन्सरचा असू शकत होता, कॉइलचाही. मी काश्मीरी गेटच्या बाजारातून जुन्या साठ्यातला कंडेन्सर आणला आणि फक्त तोच बदलला. जळके पॉइंटसुद्धा तसेच ठेवले. गाडी गरम झाली, चालत राहिली. मग तो काढून जुना परत बसवला. पुन्हा आचके, पुन्हा बंद! त्या क्षणी मला जो आनंद झाला तो गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. आता मला माहीत होतं.

मुलांनो, अभियांत्रिकीबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात आलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. गणितात मार्क कमी पडले की आपल्याकडे काय होतं? क्लास बदलतो, पुस्तकं बदलतात, उठायची वेळ बदलते, मोबाइल जप्त होतो, बसायची खोली बदलते, सगळं एकाच आठवड्यात. मार्क वाढले तर कशाने वाढले, आणि कमी झाले तर कशाने, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या परीक्षेला पुन्हा तीच धावपळ. तुम्ही एक करा: फक्त उठायची वेळ बदला आणि महिनाभर बाकी काही हलवू नका. वहीत लिहा. मग दुसरी गोष्ट. हे हळू आहे, मला मान्य आहे. पण असं शिकलेलं पुढे कोणी काढून घेऊ शकत नाही.

पालकांनाही हे आग्रहाने सांगते. दहावीनंतर मुलाची शाळा, शाखा, शहर, तिन्ही एकदम बदलू नका. मूल कोमेजलं तर ते शाखेमुळे, की मित्र सुटले म्हणून, हे तुम्ही कसं ओळखणार?

समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या मंडळींशी मघाशी चहाच्या वेळी बोलणं झालं. खानापूर-विट्याकडची, करोल बागेत गलाईचं, म्हणजे सोनं गाळण्याचं काम करणारी घरं. दादा, तुम्ही सोन्याचा कस पाहिल्याशिवाय ते भट्टीत टाकता का? बिघाडाचंही तसंच आहे, आधी कस, मग आच. तुमची मुलगी यंदा विज्ञान प्रदर्शनात पहिली आली असं बाईंनी सांगितलं. तिला घरी पाने हाताळू द्या. हात कापेल, काळे होतील. धुतले की जातं ते.

आणि ताई, तुम्ही विचारत होता की ही गाडी चालवता कुठे? एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायला बंदी आली. हरित लवादाचे तसे आदेश होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. दिल्लीची हवा आपण सगळेच श्वासात घेतो, मला ते पटतं. पण २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत सुधारणा केली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची, रोजच्या कामाला नाही. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे दुसऱ्या गाडीचं तयार इंजिन टाकून मोकळं होण्याची वाट तिथेही बंद आहे. असलेलं समजून घ्या आणि तेच दुरुस्त करा, असं कायदासुद्धा सांगतो याचा मला फार आनंद वाटतो. अशा गाड्या जवळून पाहायच्या असतील तर हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. बाई, या वर्षीची सहल तिकडे न्या. मुलं दिवसभर बाहेर यायची नाहीत.

गाडीच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. गेल्या मे महिन्यात ती पुन्हा गरमीत बंद पडू लागली. पंपावर ओलं फडकं टाकून पाहिलं, फरक पडला नाही, म्हणजे वाफेचा प्रश्न नव्हता. पंप उघडला तर आतला रबरी पडदा फुगून मऊ झालेला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९६६ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मिळवून बसवला. नळ्या अजून बदललेल्या नाहीत. त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात.

शेवटचं. माझ्याकडे पद्मिनीचं एक जादा इंजिन आहे, गाडीशिवाय नुसतं. ते मी शाळेला देते आहे. त्यातलं पेट्रोल, तेल, सगळं काढून साफ केलंय, आणि सोबत पान्यांची पेटी देईन. बाईंनी जागा दाखवली आहे, शिपाईकाकांनी लाकडी चौथऱ्याचं माप घेतलंय. सोमवारी टेंपो येईल. नववीतल्या ज्यांना शिकायचं आहे त्यांनी नावं बाईंकडे द्यावीत, मुली-मुलं दोघांनीही. महिन्यातले दोन शनिवार मी येईन. जुनी वर्तमानपत्रं आणि पेन्सिली घरून आणा. पहिल्या शनिवारी फक्त डिस्ट्रिब्युटर उघडायचा आहे, हेडच्या नटांना कोणी हात लावायचा नाही.

आता बक्षिसं वाटू या, मुलं कधीची ताटकळली आहेत.