अर्ध्या मिलिमीटरची तार

दात हलायला लागला की तो आता पडणार, असं आपण धरून चालतो. पण दात न पडता सरकवता येतो, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की दुधाचा दात पडायच्या आधीच दुसरा दात उगवला, तर दुधाचा दात काढून टाकावा आणि नव्या दाताला रोज बोटाने त्याच्या जागेकडे दाबत राहावं. सल्ला तसा वावगा नाही. अडचण एवढीच, की बोट पाच-दहा मिनिटांत थकतं आणि दाताला हवा असतो तो अगदी हलका पण तासन्‌तास टिकणारा दाब. तो देणाऱ्या स्प्रिंगांविषयी आज बोलायचं आहे.

‘दातांना तारा लावल्या’ म्हटलं की दातांवर चिकटवलेले धातूचे चौकोन आणि त्यातून ओवलेली तार डोळ्यांपुढे येते. या स्प्रिंगा जिच्यात बसतात ती प्लेट निराळी. ती मूल स्वतःच्या हाताने काढतं, धुतं आणि पुन्हा घालतं. टाळूला चिकटून बसणारा ॲक्रिलिकचा पातळ पत्रा, दाढांना धरून ठेवणाऱ्या तारेच्या पकडी आणि जो दात हलवायचा त्याच्यामागे एक छोटी स्प्रिंग. झाली प्लेट. हल्ली मुलं रंग निवडून घेतात, म्हणून निळ्या-हिरव्या प्लेटाही दिसतात.

सगळं काम त्या स्प्रिंगचं. बहुतेक वेळा ती अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची असते. एक दात कलवायला तिने द्यायचा जोर म्हणजे साधारण 25 ते 40 ग्रॅम. दहा रुपयांची चार नाणी तळहातावर ठेवून बघा, तीस ग्रॅमच्या आसपास वजन भरेल. एवढ्याने पक्का दात हलतो, यावर पालकांचा विश्वास बसत नाही. ‘डॉक्टर, जरा घट्ट करा ना, लवकर होईल’, ही विनंती ज्याला कोणी केलेली नाही, असा दातांचा डॉक्टर सापडणं कठीण.

घट्ट का करायचं नाही, ते सांगतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत तंतूंचा एक पडदा असतो. रक्तवाहिन्याही त्यातच. दात एका बाजूला दाबला की त्या बाजूचा पडदा चेपला जातो, तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात आणि थोडं थोडं हाड काढून वाट करून देतात. उलट बाजूला तंतू ताणले जातात, तिथे नवं हाड तयार होतं. म्हणजे स्प्रिंग फक्त इशारा देते, दात हलवतं ते शरीर. आता हा दाब प्रमाणाबाहेर वाढवला, तर फटीतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्तच पोचत नाही तिथे पेशी येणार कुठून? दाबाखालचा भाग निर्जीव होतो आणि शरीराला मागच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत यावं लागतं. तोवर दात जागचा हलत नाही, दुखतो मात्र भरपूर. स्वीडनमधल्या कार्ल सँडस्टेड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. पुढे 1932 मध्ये श्वार्ट्झ या ऑस्ट्रियन संशोधकाने आकडाच मांडला : दाब केशवाहिन्यांमधल्या रक्तदाबाच्या वर जाऊ नये, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम. या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण हलका दाब बरा, हे तत्त्व टिकून आहे. सगळं जमून आलं तर दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, आणि तार आवळून हा वेग वाढत नाही.

आता तारेचं गणित. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पक्कड हातात घेऊन तार वळवायला शिकवतात, तेव्हा बोटं सोलवटतात आणि वर्गात कुरकुर सुरू होते. मला मात्र या विषयातला हा भाग फार आवडतो. गोल तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घातात घटतो. अर्ध्या मिलिमीटरऐवजी 0.6 ची तार घेतली, तर डोळ्यांना फरक कळतही नाही, पण जोर दुप्पट होतो. 0.7 ची घेतली तर जवळजवळ चौपट. उलट त्याच तारेची लांबी सव्वापट केली, की जोर निम्म्यावर येतो.

पण लांब तार ठेवायची कुठे? आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात जागा ती केवढी! म्हणून तारेला वेढा घालतात. दाताला बाजूने ढकलणाऱ्या बोटासारख्या स्प्रिंगमध्ये, ती प्लेटमधून जिथे बाहेर पडते तिथेच, तीन मिलिमीटर आतल्या व्यासाचा एक वेढा असतो. तो शोभेचा नाही, लपवलेली लांबी आहे. पटाशीचा दात मागून पुढे ढकलायला इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराची स्प्रिंग वापरतात. तिच्यात तार दोनदा वळून परत येते, तेही लांबीसाठीच.

या लांबीचा खरा फायदा पुढे कळतो. अर्ध्या मिलिमीटरची चांगली स्प्रिंग बसवताना ती सुमारे तीन मिलिमीटर पुढे ओढून ठेवतात. प्लेट घातली की दात तिला मागे दाबतो आणि ती दाताला ढकलू लागते. महिन्यात दात एक मिलिमीटर सरकला, तरी दोन तृतीयांश जोर शिल्लक असतो. तेवढ्याच लांबीची 0.7 ची तार घ्या. तेवढाच जोर हवा असेल तर ती पाऊण मिलिमीटरच पुढे ओढता येईल. मग पक्कड पाव मिलिमीटर जास्त फिरली, की जोर तिसऱ्या हिश्शाने वाढलाच. आणि दात पाऊण मिलिमीटर सरकला, की स्प्रिंग निकामी. विद्यार्थ्यांना जाड तार भक्कम वाटते, कारण ती वाकत नाही, तुटत नाही. इथे नेमकी वाकणारी तारच कामाची असते.

या सगळ्याआधीचा थोडा इतिहास. वॉल्टर कॉफिन यांनी 1881 साली लंडनमध्ये एक प्लेट मांडली. तिचे मधोमध दोन भाग केलेले होते आणि टाळूवर ग्रीक ओमेगा अक्षरासारखी वळवलेली जाड तार त्या दोन भागांना एकमेकांपासून दूर ढकलायची. तार होती पियानोची आणि प्लेट होती कडक केलेल्या रबराची. पियानोची तार लवचीक खरी, पण साधं पोलाद ते, लाळेत गंजायचंच. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं स्टेनलेस स्टील दातांच्या कामात रुळलं, ॲक्रिलिक आलं, आणि मग ही प्लेट आजच्या रूपात आली. कॉफिनची स्प्रिंग आजही त्याच नावाने आणि जवळजवळ त्याच आकारात शिकवली जाते.

आणखी एक नाव घ्यायला हवं. स्प्रिंग दाताला ढकलते, तेव्हा दात स्प्रिंगला आणि तिच्यासह प्लेटला उलटा ढकलतो. प्लेट टाळूवरून सुटली की स्प्रिंगचा उपयोग शून्य. बेलफास्टच्या फिलिप ॲडम्स यांनी 1950 च्या सुमाराला दाढेसाठी एक पकड तयार केली. तिची दोन टोकं दाढेच्या गालाकडच्या दोन कोपऱ्यांखाली, जिथे दाढ किंचित आत वळते तिथे, अडकतात. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तोंडात ही पकड ज्या दाढेवर बसते, ती बहुतेकदा सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे निमूटपणे उगवलेली असते. अनेक आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तर सोडून देतात. ती कायमची दाढ आहे, जाता जाता एवढं लक्षात ठेवा.

आता या स्प्रिंगांची मर्यादा, आणि ती मोठी आहे. स्प्रिंग दाताच्या वरच्या भागाला एकाच ठिकाणी टेकते. त्यामुळे दात सरळ उभाच्या उभा सरकत नाही, कलतो. मुळाचं टोक थोडंसं उलट दिशेला जातं. दात आतल्या बाजूला कललेला असेल, तर हे कलणंच आपल्याला हवं असतं. पण पुढे ढकलायचा दात आधीच बाहेर झुकलेला असेल, किंवा गिरकी घेतलेला असेल, किंवा मूळ सरळ करायचं असेल, तर प्लेटचा उपयोग नाही. तिथे चिकटवलेल्या तारा किंवा आजच्या पारदर्शक ट्रे लागतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये या प्लेटांनी पुष्कळ मुलांचे दात सुधारले आणि काहींवर ज्या कामासाठी ती प्लेट नव्हतीच, तेही लादलं गेलं. ती मागे पडली याचं मला नवल वाटत नाही. सरसकट फेकून देणं मात्र मला पटत नाही.

कारण एका कामात तिला तोड नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पटाशीचा एक दात खालच्या दातांच्या मागे बसतो, याला क्रॉसबाइट म्हणतात. मूल चावतं तेव्हा तो वरचा दात आत अडकतो, खालच्या समोरच्या दाताला पुढे रेटतो, त्याच्या हिरडीवर ताण येतो, दोघांची कड झिजते. इथे झेड स्प्रिंगची प्लेट चपखल बसते. दाताला पुढे यायला जागा हवी, हे आधी पाहायचं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना दाढांवर दोन-तीन मिलिमीटर ॲक्रिलिक चढवायचं, म्हणजे पुढचे दात एकमेकांना अडवत नाहीत. स्प्रिंग दाताच्या मागच्या पृष्ठभागाला काटकोनात टेकली पाहिजे. तिरकी टेकली तर ती उतारावरून घसरते आणि दात ढकलण्याऐवजी प्लेटच खाली उतरवते. सगळं नीट असेल तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दात पुढे येतो. एकदा तो खालच्या दातांच्या पुढे आला आणि चावताना पुरेसा झाकून बसला, की खालचे दातच त्याला मागे जाऊ देत नाहीत. वेगळी रखवाली सहसा लागत नाही.

अर्थात प्लेट तोंडात असेल तर. घरी डबीत ठेवलेली प्लेट काही करत नाही. पहिले दोन-चार दिवस लाळ सुटते, ‘त’, ‘द’, ‘स’ नीट उमटत नाहीत. मुलाला मोठ्याने वाचायला लावा, शाळेचा धडा चालेल, आठवड्याच्या आत बोलणं सुधारतं. प्लेट रात्रंदिवस घालायची, दात घासताना आणि धक्काबुक्कीच्या खेळात तेवढी काढायची. गरम पाण्यात धुवायची नाही, आकार बिघडतो. तरी शाळेत डबा खाताना मुलं ती काढतातच, आणि कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली प्लेट रुमालासकट कचऱ्यात जाते, म्हणून तिची डबी दप्तरात हवी. आणि मूल प्लेट खरंच घालतं की नाही, हे आम्हा दातांच्या डॉक्टरांना न विचारता कळतं. प्लेट तोंडात असताना ते स्पष्ट बोलतं, टाळूवर प्लेटच्या कडेची पुसट रेघ उमटलेली असते आणि स्प्रिंग तीन मिलिमीटरवरून दोनवर आलेली असते.

तुमच्या घरी सात-आठ वर्षांचं मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला उजेडात उभं करा. दाढा एकमेकांवर टेकवून ओठ बाजूला करायला सांगा. वरचे पुढचे सगळे दात खालच्या दातांच्या बाहेर दिसले पाहिजेत. एखादा आत दडलेला दिसला, तर सगळे दात येईपर्यंत थांबू नका, आत्ताच दाखवून घ्या. आणि त्या दाताशेजारी दुधाचा दात अजून डुगडुगत उभा असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. कधी कधी तेवढा तो काढला, की आतला दात जिभेच्या रेट्याने आपोआप पुढे येतो आणि प्लेटची गरजच उरत नाही.