जांभळाखालचे सहा वाटसरू



षट्लेश्येची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, तर पाचवा केवळ पिकली फळे तोडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच पुरेशी आहेत. हीच शुक्ल लेश्या होय.

ही कथा मुखोद्गत असूनही मी पहिल्या वाटसरूसारखा वागलो, हे आज आपणासमोर कबूल करतो. फळांचे डाग फरशीवर पडतात, एवढ्याच कारणावरून वडिलांनी लावलेले दारचे जांभूळ मी तोडविले. पुढल्या वर्षी अंगण स्वच्छ राहिले. परंतु कोकिळ, बुलबुल, खार यांपैकी कोणीही फिरकले नाही. दोष झाडाचा नव्हता; ते फरशीलगत लावले गेले होते, इतकेच.

जांभूळ हा या भूमीचाच वृक्ष. फाल्गुन-चैत्रात त्याचा मोहोर मधमाश्यांना पोसतो, ज्येष्ठ-आषाढात त्याची फळे दिवसा पाखरांना आणि रात्री वटवाघळांना मिळतात. तो इमारत व फरसबंदीपासून पंचवीस-तीस फूट दूर लावावा. उन्हाळ्यात तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन माती-शेणखताने भरावा आणि दमदार पावसानंतर रोप लावावे. बी ताजेच पेरावे. पंधरवड्यात त्याची उगवणशक्ती घटू लागते. बियांपासूनचे झाड आठ-दहा वर्षांनी फळते, कलम त्याआधी. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या राहुरीतच आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे. मोहोरावर कीटकनाशक फवारू नये, मधमाश्या मरतात. फळांवर जाळी टाकू नये, तीत अडकून पाखरे प्राणास मुकतात. शेंड्याची फळे त्यांचीच समजावीत.

गतवर्षी मी परसाच्या टोकाला नवे रोप लावले. त्याची फळे पाडण्यासाठी मी काठी उचलणार नाही. खाली पडतील ती वेचीन. या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्यांच्याकडे जागा आहे, त्या प्रत्येक कुटुंबाने एक जांभूळ लावावे, ही नम्र विनंती. जय जिनेन्द्र!