सल्लागाराचें पूर्वचरित्र

घरांत दुखणें विकोपाला गेलें म्हणजे वैद्याच्या हाताला गुण आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. त्याच्या वर्तनाची चौकशी करण्यास कोणाला सवड नसते. राज्यांचेंही तसेंच आहे. खजिन्यांत खडखडाट झाला कीं राज्यकर्त्यांची दृष्टि निष्णात अर्थतज्ज्ञाकडे वळते आणि त्याच्या नांवाला लागलेला डाग त्या वेळीं नजरेआड होतो. ही वृत्ति कितपत सुरक्षित आहे हें पाहण्यास डॉ. ह्यालमार शाख्त यांच्या चरित्राइतकें उद्बोधक उदाहरण क्वचितच सांपडेल.

१९५१ सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें या जर्मन गृहस्थांना अर्थव्यवस्थेविषयीं सल्ला देण्यास पाचारण केलें. पुढल्याच वर्षीं इराणचे पंतप्रधान मोसादेक यांनींही त्यांच्याशीं विचारविनिमय केला. त्यापूर्वीं अवघीं पांच वर्षें हेच शाख्त न्यूरेंबर्ग येथें आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढें आरोपी म्हणून बसले होते.

त्यांची कीर्ति पोकळ नव्हती. १९२३ च्या नोव्हेंबरांत जर्मनीचें चलन इतकें घसरलें होतें कीं नवा एक रेंटेनमार्क एक लाख कोटी जुन्या कागदी मार्कांच्या बरोबरीचा ठरविण्यांत आला. या चलनाची कल्पना एकट्या शाख्त यांची नव्हे. पण चलन-आयुक्त या नात्यानें त्याची मर्यादा सांभाळण्याचा आणि गांवोगांवच्या तात्पुरत्या नोटा न स्वीकारण्याचा निग्रह त्यांनीं दाखविला. लोकांचा विश्वास परतला, आणि डिसेंबरांत ते राइशबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाले.

हीच बुद्धि दहा वर्षांनीं दुसऱ्या कामीं लागली. हिटलरला चॅन्सेलर नेमावें अशा १९३२ च्या विनंतिपत्रावर शाख्त यांची सही होती. १९३० सालीं सोडलेलें अध्यक्षपद त्यांना १९३३ सालीं हिटलरच्या राजवटींत परत मिळालें. शस्त्रास्त्रांसाठीं पैसा हवा होता. पण तो उघड कर्जानें उभारला असता तर जगाला संशय आला असता. तेव्हां ‘मेफो’ नांवाची एक कंपनी स्थापण्यांत आली. तिचें भांडवल अवघें दहा लाख मार्क. कारखानदारांनीं तिच्या नांवें हुंड्या काढाव्या, सरकारनें हमी द्यावी आणि राइशबँकेनें त्या वटवाव्या, अशी ही योजना. मुदत भरत आली कीं ती पुन्हां वाढविली जाई. १९३८ पर्यंत या हुंड्यांची रक्कम सुमारें १,२०० कोटी मार्कांपर्यंत पोंचली; प्रसिद्ध होणाऱ्या सरकारी कर्जाच्या आंकड्यांत मात्र तिचा मागमूस नव्हता. व्यापाऱ्याच्या हुंडीमागें विकाऊ माल असतो. या हुंडीमागें तोफा होत्या.

१९३९ च्या जानेवारींत, लष्करी खर्चानें चलनाचा पाया ढासळत आहे, असें निवेदन शाख्त व बँकेचे संचालक यांनीं हिटलरला धाडलें. शाख्त यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यांत आलें. तरीही बिनखात्याचे मंत्री म्हणून ते १९४३ पर्यंत राहिले. १९४४ च्या हिटलरविरोधी कटानंतर त्यांना अटक झाली व छळछावण्यांत ठेवण्यांत आलें. १ ऑक्टोबर १९४६ रोजीं न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें त्यांना मुक्त केलें. शस्त्रसज्जता हा स्वतः गुन्हा नव्हे, आणि ती आक्रमणासाठीं आहे हें त्यांना ठाऊक होतें असें निःसंशय सिद्ध झालें नाहीं, हें त्याचें कारण. सोव्हिएट न्यायाधीशांनीं मात्र विरुद्ध मत नोंदविलें.

श्रोत्यांच्या मनांत साहजिकच येईल कीं, न्यायालयानें मुक्त केलेल्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यांत वावगें काय? शिवाय इंडोनेशियाची अडचण खरी होती. स्वातंत्र्याबरोबर सुमारें ४३० कोटी गिल्डरांचें कर्ज तिच्या माथीं आलें होतें आणि व्यापारावर डच भांडवलाचा पगडा कायम होता. अशा देशाला डचांशीं हितसंबंध नसलेला तज्ज्ञ हवासा वाटला, तर त्याला मूर्खपणा म्हणतां येणार नाहीं.

परंतु न्यायालयाचा प्रश्न आणि राज्याचा प्रश्न एक नव्हे. न्यायालय विचारतें: गुन्हा शाबीत झाला काय? सल्लागार नेमणाऱ्यानें विचारलें पाहिजे: धन्यानें अनुचित मागणी केली तेव्हां या माणसानें काय केलें, आणि तोंड केव्हां उघडलें? शाख्त यांनीं हुंड्यांची युक्ति आधीं रचली. धोक्याचा इशारा मागाहून दिला, आणि तोही बंद लखोट्यांत. चोरून काढलेल्या या कर्जांत पुढें युद्धाच्या खर्चाची भर पडली, आणि तें सारें फेडलें कोणीं? पै-पै सांठविणाऱ्या कुटुंबांनीं. १९४८ च्या चलनबदलांत बँकेंतील १०० जुन्या मार्कांचे अखेर साडेसहा नवे मार्क त्यांच्या हातीं आले.

म्हणून डागळलेल्या तज्ज्ञाचें तोंडही पाहूं नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इंडोनेशियांत शाख्त यांनीं आपला अहवाल लिहून दिला व ते परतले. निर्णयाची सत्ता तेथील मंत्रिमंडळाकडेच राहिली. जर्मनींत बँक त्यांच्या हातीं होती, आणि हिशोब मागणारी लोकसभा नांवापुरती उरली होती. दोहोंतील फरक सल्लागाराच्या शीलाचा नाहीं, कारण माणूस तोच होता. सल्ला लेखी असावा, उघड असावा, त्याची छाननी इतरांनीं करावी. आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्यांना लोक जाब विचारूं शकतात त्यांच्याच कमरेला असाव्या. एवढी खबरदारी घेण्याची ज्या राज्याची तयारी नसेल, त्यानें निष्कलंक पंडितालाही घरांत घेतांना दहा वेळां विचार करावा.